तिसऱ्या नळीतली पायरी

कोल्हापूरहून पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या चढाला आमची मारुती ८०० हमखास दुसऱ्या गिअरवर यायची. १९९७ सालचं मॉडेल, कार्ब्युरेटरवालं, चार गिअरचं. तिसऱ्यात ठेवून रेटलं तर थोडं ओढायची, मग मध्येच दम लागल्यासारखी अडखळायची आणि पुन्हा ओढायची. म्हातारी गाडी आहे, चालायचंच, असं सगळे म्हणत. मला ते पटत नव्हतं. म्हातारी गाडी सगळीकडेच कमी ओढते. ही सपाटीला, हलक्या पायानं चालवली तर शहाण्यासारखी चालायची आणि पाय दाबला की मगच कुरकुरायची. हवा कुठंतरी अडते आहे, असं वाटत होतं.

गाडी माझ्या वडिलांची, आबांची. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत त्यांनी ३१ वर्षं फेटलिंग केलं. ओतलेला माल साच्यातून निघाला की त्याच्या अंगावरची कड, फ्लॅश, चिकटलेली वाळू ग्राइंडरनं काढून तो माणसात आणायचा, हे ते काम. मी सीएनसीवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनवर, प्रोग्रामिंग करतो. म्हणजे धातू काढायचं काम दोघांचंही, पण मी काचेमागून करतो आणि आबांनी ते हातात धरून केलं. कार्ब्युरेटरमधून हवा सिलिंडरांकडं नेणारी ओतीव नळ्यांची जुडी म्हणजे मॅनिफोल्ड, आणि त्या नळ्या आतून घासून हवेची वाट मोकळी करणं म्हणजे पोर्टिंग. त्याचा विषय मी घरात काढला तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "वतीव हाय न्हवं? मग त्यात कोअरचा जोड असणारच. बघू काढून." कोअर म्हणजे ओतताना आत पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवतात तो वाळूचा गाभा.

या इंजिनाबद्दल मला आधीपासून आदर आहे. एफ८बी, तीन सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८.५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७२ मिमी, एकूण ७९६ सीसी. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी हेच इंजिन बसवून एकआसनी रेसगाड्या बनवल्या, त्यांना फॉर्म्युला मारुती म्हणत. पुढं फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचलेला नारायण कार्तिकेयन पहिल्यांदा शर्यतीत उतरला तो असल्याच गाडीतून. आता हिशेब बघा. एका सिलिंडरच्या वाट्याला येतात २६५ सीसी. इंजिन ५,००० आरपीएमवर असताना प्रत्येक सिलिंडर सेकंदाला साधारण ४२ वेळा हवा ओढतो आणि पिस्टन वरून खाली यायला लागतात फक्त ०.००६ सेकंद. एवढ्या वेळात हवेला मॅनिफोल्डमधून वळण घेऊन आत शिरायचं असतं. वाटेत दीड मिलिमीटरची पायरी असली तर ती छोटी गोष्ट राहत नाही.

एका गॅरेजवाल्यानं मला आठ हजार रुपये सांगितले होते. "आतून आरशासारखं चकाचक करून देतो, गाडी उडेल." आरसा कशाला, हे मी विचारलं, तर त्याचं उत्तर नव्हतं. म्हणून घरीच करायचं ठरवलं.

पोर्टिंगला हात घालण्याआधी मी इंजिनाची बाकीची तब्येत बघून घेतली, आणि हे पहिल्यांदा करावं असं माझं ठाम मत आहे. कॉम्प्रेशन तपासलं: १६५, १६०, १६५ पीएसआय. म्हणजे रिंगा आणि व्हॉल्व्ह ठीक. टॅपेट सेट केले, प्लग आणि एअर फिल्टर नवे घातले, कार्ब्युरेटर उघडून साफ केला. मगच मोजणी केली. एमआयडीसीतल्या एका सरळ, मोकळ्या रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी पहाटे, मी आणि आबा दोघे गाडीत, टाकी अर्धी, तिसऱ्या गिअरमध्ये ३० ते ७० किलोमीटर. तीन वेळा इकडून, तीन वेळा तिकडून. सरासरी आली १२.९ सेकंद. ट्यूनिंग आधीच करून घेतल्यामुळं पुढं जो काही फरक पडेल तो मॅनिफोल्डचाच असणार होता.

जुन्या बाजारातून दोन भंगार मॅनिफोल्ड आणले, मिळून १,१०० रुपये. एक मी हॅक्सॉनं उभा कापला. ज्याला कुणाला हे काम करायचं असेल त्यानं एक तरी मॅनिफोल्ड कापून बघावाच. आत काय आहे हे बाहेरून कळत नाही. या मॅनिफोल्डच्या पोटातून गरम कूलंट फिरतं. कार्ब्युरेटरमधून आलेलं पेट्रोल थंड भिंतीला चिकटून राहू नये, त्याची वाफ व्हावी, यासाठी ती सोय. कापल्यावर दिसलं की नळ्यांची भिंत साधारण साडेतीन ते चार मिलिमीटर आहे, पण पाण्याच्या पोकळीवर ती तीनसुद्धा भरत नाही. तिथं ग्राइंडर एक क्षण जास्त टेकला असता तर कूलंट थेट सिलिंडरमध्ये. आबांनी त्या कापलेल्या तुकड्यावर लाल पेन्सिलनं पट्टा ओढला आणि म्हणाले, "ह्या भागाला हात लावायचा न्हाई."

खोलण्याचं काम अर्ध्या दिवसात झालं. इंजिन पूर्ण थंड, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, कूलंट स्वच्छ बादलीत. व्हॅक्यूमच्या प्रत्येक नळीला चिकटपट्टी लावून नंबर टाकले आणि फोटो काढले. दोन नट गंजून बसले होते, त्यांवर रात्रभर तेल सोडून ठेवलं. मॅनिफोल्ड निघाल्या निघाल्या हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाच्या, तिन्ही तोंडांत स्वच्छ फडक्याचे बोळे घातले, ते शेवटपर्यंत तिथंच होते. जुनी गॅस्केट लाकडी फळीच्या तासलेल्या टोकानं खरवडली. ॲल्युमिनियमच्या फेसवर, म्हणजे जोडाच्या सपाट पृष्ठभागावर, पटाशी चालवायची नाही.

मग आबांनी मॅनिफोल्ड मांडीवर घेतला, चष्मा काढला आणि एकेका नळीत करंगळी फिरवली. पहिली, दुसरी. तिसऱ्या नळीत बोट थांबलं. "हितं हाय." मग माझं बोट घालायला लावलं. "डोळं मीट आन् फिरीव." खरंच, तोंडापासून बोटाच्या एका पेरावर वरच्या अंगाला सरळ कड लागत होती. बॅटरी मारून बघितलं तर सावली दिसली. कोअर बॉक्सचे दोन अर्धे जिथं मिळतात तिथं कोअरवर रेघ उमटते, आणि तीच रेघ ओतल्यावर नळीच्या आत उंचवटा होऊन राहते. पहिल्या दोन नळ्यांतही ती होती, पण बारीक. तिसऱ्या नळीत कोअरचे अर्धेच एकमेकांवर सरकून बसले असणार. वर्नियरनं मोजलं, दीड मिलिमीटर. बिडाच्या मालात असले जोड आबांनी हजारो बघितले होते. मला मात्र इतकी वर्षं आपल्याच गाडीत ही कड होती याचं वाईट वाटलं.

दुसरी अडचण जोडावर होती. मॅनिफोल्डच्या फ्लँजची, म्हणजे हेडला टेकणाऱ्या पट्टीची, भोकं हेडमधल्या स्टडपेक्षा मोठी असतात, त्यामुळं तो दर वेळी थोडा इकडंतिकडं बसतो. आज तुम्ही तोंडाला तोंड जुळवून घासलं आणि उद्या तो अर्धा मिलिमीटर खाली बसला की केलेलं काम वाया. बरेच लोक गॅस्केट ठेवून रेघ मारतात आणि तेवढ्यावर घासत सुटतात. गॅस्केटचं भोक पोर्टपेक्षा, म्हणजे हेडच्या तोंडापेक्षा, मोठं असतं. त्या मापानं घासलं तर मॅनिफोल्डचं तोंड हेडच्या तोंडापेक्षा मोठं होतं, आणि मग हेडची कड हवेच्या तोंडासमोर उभी राहते. पायरी काढायला निघालेला माणूस अशा रीतीनं नवी पायरी तयार करतो. हवा मॅनिफोल्डकडून हेडकडं जाते. लहान तोंडातून मोठ्यात जाताना तिला फारसं काही वाटत नाही, मोठ्यातून लहानात शिरताना ती कडेवर आपटते. म्हणून मॅनिफोल्डचं तोंड हेडपेक्षा चारी बाजूंनी अगदी किंचित लहानच ठेवायचं मी ठरवलं.

बसायची जागा पक्की करण्यासाठी उद्यमनगरात ओळखीच्या लेथवर पितळेच्या दोन पातळ स्लीव्ह करून घेतल्या, दोन टोकांच्या स्टडवर घट्ट बसतील आणि फ्लँजच्या भोकात न हलता जातील अशा. मॅनिफोल्ड अर्धा मिलिमीटर वर उचलून बसवला तर तिन्ही तोंडं जास्त चांगली जुळतात हे लक्षात आलं होतं, म्हणून स्लीव्हचं भोक तेवढं एका बाजूला सरकवून घेतलं. हेडला ड्रिल लावायची गरजच पडली नाही. मग जाड कागदी पुठ्ठा स्टडवर बसवून हेडच्या फेसवर दाबला आणि ग्रीस लागलेल्या अंगठ्यानं पोर्टच्या कडेवरून घासला. कडेची छाप स्वच्छ उमटली. त्या छापेवर ब्लेडनं भोकं कापली आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात 'इंजिनाकडची बाजू' लिहून ठेवलं, कारण उलटा बसला तर सगळं उलटं. तोच पुठ्ठा मॅनिफोल्डच्या फ्लँजवर ठेवून, मार्किंग ब्लू लावून, स्क्रायबरनं रेघ मारली.

घासण्याआधी मला एक मोजमाप हवं होतं. बोटाला कळतं हे खरं, पण किती फरक पडला हे बोट सांगत नाही. घरातला व्हॅक्यूम क्लीनर घेतला. पीव्हीसी पाइपचा तुकडा एका नळीच्या तोंडाशी गच्च बसेल असा केला, उरलेली दोन तोंडं मुलीच्या क्लेनं बंद केली, कार्ब्युरेटरची बाजू उघडी ठेवली. पाइपला बारीक भोक पाडून त्यातून प्लास्टिकची पारदर्शक नळी काढली, ती इंग्रजी यू आकारात फळीवर ठोकली, आत शाईचं पाणी आणि मागं फूटपट्टी. क्लीनर चालू केला की पाणी चढतं. हवेला जितका अडथळा जास्त तितकं पाणी जास्त चढतं. व्होल्टेज कमीजास्त झालं तर आकडे फसवतात, म्हणून स्टॅबिलायझर लावला आणि प्रत्येक नळी तीन वेळा मोजली. पहिली ४२ सेंटिमीटर, दुसरी ४० आणि तिसरी ४८. मधली नळी सरळ आणि आखूड, तिचा आकडा कमी येणारच. पण पहिली आणि तिसरी सारख्याच लांबीच्या असून त्यांच्यात सहा सेंटिमीटरचा फरक होता. आबा त्या शाईच्या पाण्याकडं बराच वेळ बघत बसले. ३१ वर्षं त्यांनी कडा काढल्या, पण कड काढल्यानं पुढं काय होतं हे त्यांना असं डोळ्यांनी कधी बघायला मिळालं नव्हतं.

सराव दुसऱ्या भंगार मॅनिफोल्डवर केला. बर म्हणजे ग्राइंडरचं फिरतं दातेरी टोक. बिडाला चालतो तो दुहेरी काट्याचा बर ॲल्युमिनियममध्ये दोन मिनिटांत भरतो, दात दिसेनासे होतात आणि मग तो कापण्याऐवजी रगडतो. ॲल्युमिनियमसाठी मोठ्या, मोकळ्या दातांचा कार्बाइड बर वेगळा मिळतो, तोच घ्यावा. त्याला मधून मधून मेणबत्ती लावायची, म्हणजे चुरा चिकटत नाही. डाय ग्राइंडरचा वेग पूर्ण सोडायचा नाही, एका जागी थांबायचं नाही, हात सतत पुढं जात राहिला पाहिजे. चष्मा आणि मास्क लागतोच. आबांच्या उमेदीच्या काळात फाउंड्रीत तोंडाला गमछा बांधण्यापलीकडं काही नसायचं आणि त्याचा खोकला त्यांना अजून आहे. मी एकदा मास्क खाली ओढला तर त्यांनी स्विच बंद करून टाकला.

या सरावाच्या मॅनिफोल्डवर आरशाचाही निकाल लावून घेतला. उंचवटे काढून ८० नंबरच्या पेपरनं फिनिश केल्यावर त्याच्या पहिल्या नळीचा आकडा आला ३९. मग तीच नळी १२०, २४०, ४००, ६०० असं करत बफ मारून चकाकवली. दोन संध्याकाळी गेल्या. आकडा ३९. पुन्हा मोजलं, ३९. भिंतीला अगदी लागून असलेला हवेचा थर जवळजवळ थांबलेलाच असतो, बारीक खरखर त्या थरातच बुडून जाते. पायरी मात्र त्या थराच्या बाहेर डोकं काढते आणि तिच्यामागं हवा गिरक्या घेते. शिवाय आपलं इंजिन कार्ब्युरेटरचं. या नळ्यांतून नुसती हवा जात नाही, पेट्रोलही जातं, आणि त्यातलं थोडं भिंतीवरून ओघळत जातं. गुळगुळीत भिंतीवर त्याचे ओहोळ होतात. थोड्या खरबरीत भिंतीवर ते पसरतं आणि हवेबरोबर उडून मिसळतं. त्यामुळं इनटेकला चकाकी देऊ नये, ८० नंबरवर थांबावं, हे मी आता स्वतः मोजून सांगतो. चकाकी एक्झॉस्टला द्यायची तर द्या, तिथं निदान काजळी कमी धरते.

खऱ्या मॅनिफोल्डच्या पहिल्या दोन नळ्या मी केल्या. दुसरीचं तोंड करताना बर उसळून बाहेर आला आणि फ्लँजच्या फेसवर ओरखडा पडला, नखाला लागेल इतका. माझ्या पोटात गोळा आला. त्या फेसवरून हवा गळली तर मिश्रण पातळ होऊन इंजिन मार खाणार. आबा रागावले नाहीत. आठ मिलिमीटर जाडीची काच टेबलावर घेतली, त्यावर १८० चा एमरी पेपर चिकटवला, रॉकेल शिंपडलं आणि इंग्रजी आठच्या आकारात फेस घासायला लावला. मग ३२० नं. रात्री उशिरापर्यंत घासत होतो, दुसऱ्या दिवशीही. शेवटी सरळपट्टी लावून ०.०५ मिमीची फीलर पट्टी कुठंच शिरत नाही हे बघितलं तेव्हा बरं वाटलं. फेसचा जेवढा धातू गेला तेवढा तिन्ही ठिकाणी सारखा गेला, हे महत्त्वाचं.

तिसरी नळी मी केलीच नाही. आबांनी ग्राइंडर मागून घेतला. ते दाबत नव्हते, नुसता टेकवत होते. दहा सेकंद टेकवायचा, थांबायचं, करंगळी फिरवायची, पुन्हा टेकवायचा. ग्राइंडर चालण्यापेक्षा बोट फिरण्यातच जास्त वेळ गेला. "दीडातलं सव्वा काढलंय," ते म्हणाले, "ऱ्हायल्यालं पाव पुढं लांबवर निमुळतं सोडलंय. सगळंच काढाय गेलो तर भीत पातळ व्हतीया." बाहेरच्या कॅलिपरनं बघितलं, तिथं भिंत अडीच मिलिमीटर राहिली होती. त्यानंतर ६० चा आणि ८० चा कार्ट्रिज रोल (घासायच्या पेपरची गुंडाळी) लांब हातानं, नळीच्या लांबीच्या दिशेनं.

पुन्हा शाईचं पाणी. पहिली ३८, दुसरी ३७, तिसरी ३९. एकूण कमी झालं याचा आनंद होताच, पण तिन्ही एका रांगेत आल्या याचा मला त्याहून जास्त झाला. तीन सिलिंडरच्या इंजिनात एक जण उपाशी राहिला की बाकी दोघांचं मिश्रण कितीही नीट लावा, इंजिन एका सुरात चालत नाही.

धुण्यात आळस केला तर सगळं केलेलं मातीत जातं. ॲल्युमिनियमचा एक कण पिस्टन आणि सिलिंडरच्या मधे गेला तर तो रेघ ओढूनच बाहेर पडतो. साबणाचं गरम पाणी, बाटलीचा ब्रश, कॉम्प्रेसरची हवा, पुन्हा साबण. पाण्याच्या पोकळीतूनही नळ सोडला. असं पाच वेळा. शेवटी पांढरं सुती फडकं काडीला गुंडाळून प्रत्येक नळीतून ओढलं, ते पांढरंच बाहेर आलं तेव्हा थांबलो.

नवी गॅस्केट आतल्या कडेला कुठं डोकावत नाही हे पुठ्ठ्यावर ठेवून बघितलं. नट मधून बाहेरच्या दिशेनं, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनं आवळले. कूलंट भरून हवा काढली. पहिल्या सेल्फला इंजिन चालू झालं, पण आयडल १,५०० वर आणि बारीक शीळ ऐकू येत होती. जोड गळतोय की काय या भीतीनं दोघंही वाकून कान लावून बसलो. खोलताना काढलेले फोटो बघितले तर सात नंबरची व्हॅक्यूमची नळी लावायचीच राहिली होती. ती लावली आणि आवाज बसला. व्हॅक्यूम गेजचा काटा आधी १६ इंचावर थरथरत असायचा, तो साडेसतरावर येऊन स्थिर राहिला.

मिश्रणाचा स्क्रू नव्यानं लावावा लागला. पीयूसीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आधी २.४ टक्के होतं, ते १.६ वर आलं. आमच्या वयाच्या गाडीला मर्यादा ३ टक्क्यांची आहे. इंजिन, सीसी, सायलेन्सर, कार्ब्युरेटरचे जेट यांतलं काहीही मी बदललं नाही. आरसी बुकात जे लिहिलंय तीच गाडी आहे, आणि ती तशीच राहावी अशीच माझी इच्छा होती.

पुढच्या सुट्टीला त्याच रस्त्यावर, तेवढंच पेट्रोल, तेच दोघं. सहा वेळांची सरासरी १२.१ सेकंद. म्हणजे ०.८ सेकंदाचा फरक, सहा टक्क्यांच्या आसपास. कमी आरपीएमवर काहीच जाणवत नाही, गावात चालवताना गाडी पूर्वीसारखीच आहे, आणि अ‍ॅव्हरेजही पूर्वीइतकंच, लिटरला १७. फरक पडतो तो साडेतीन हजाराच्या वर. तिथं पूर्वी ती अडखळायची, आता आवाज न बदलता चढत जाते. यासाठी १,१०० रुपयांचं भंगार, बर आणि रोलचे ९०० च्या आसपास, गॅस्केट, स्लीव्हची मजुरी आणि तीन आठवड्यांच्या संध्याकाळी लागल्या.

गेल्या महिन्यात आबा आणि मी पन्हाळ्याला गेलो. गाडी त्यांनी चालवली. वाघबीळच्या चढाला त्यांचा हात सवयीनं गिअरवर गेला आणि तिथंच थांबला. तिसऱ्यातच वळण घेतलं, वरही तिसऱ्यातच आलो. येताना वाटेत बहीण आणि तिचा मुलगा बसले, म्हणून पुन्हा एकदा चौघांना घेऊन चढून बघितलं. चौघं असले की अजूनही दुसरा टाकावा लागतो.